दात येतायत, पण ताप कुणाचा?

सहा-सात महिन्यांचं बाळ. हनुवटी लाळेनं ओली, मूठ सारखी तोंडात, रात्रभर किरकिर. डॉक्टर खालच्या हिरडीवरून बोट फिरवतात आणि पटाशीच्या दाताची बारीक धार बोटाला लागते. केसपेपरवर निदान होतं ‘दात येणे’, आणि निदानांना ठरलेले कोड देणारा कर्मचारी, म्हणजे कोडर, पुढे लिहितो के००.७. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० या रोगवर्गीकरणात दात येतानाच्या त्रासाला हा कोड आहे. ‘के’ हे पचनसंस्थेचं प्रकरण, कारण पचनमार्ग तोंडापासून सुरू होतो. बाळ जन्मतःच दात घेऊन आलं, तर कोड के००.६.

खरी कसोटी लागते ती बाळाला ताप असला की. निदानातच मोडणारी लक्षणं वेगळी नोंदवायची नाहीत, न मोडणारी नोंदवायची, असा कोडिंगचा नियम आहे. लाळ गळणं, हिरड्या शिवशिवणं, चिडचिड हे सगळं के००.७ मध्ये आलं. अंग किंचित कोमट लागणंही एक वेळ चालेल. पण पारा १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला, तर तो दातांच्या खात्यावर टाकता येत नाही. कारण सापडेपर्यंत त्याला आर५०.९ हा वेगळा कोड, आणि तपासणीत मध्यकर्णदाह, म्हणजे कानाच्या पडद्यामागची सूज, निघाला तर एच६६. दात येताना बाळ कान ओढतं, कान दुखतानाही ओढतं. म्हणून कानात डोकावून बघायलाच हवं.

ही गल्लत होते त्यालाही कारण आहे. आईकडून मिळालेली प्रतिपिंडं सहाव्या महिन्याच्या आसपास ओसरू लागतात, बाळ दिसेल ते तोंडात घालू लागतं, संसर्ग वाढतात, आणि नेमका तेव्हाच पहिला दात डोकावतो. पुढे वीस दुधाचे दात अडीच-तीन वर्षांपर्यंत येतच राहतात. त्या काळातल्या कुठल्याही आजाराशेजारी एखादा दात सापडतोच.

इंग्लंड आणि वेल्समध्ये १८३९ साली ५,०१६ मृत्यूंपुढे ‘दात येणे’ हे कारण नोंदवलं गेलं. ती मुलं दातांनी दगावली नव्हती. त्यांचे खरे आजार त्या नोंदीखाली गाडले गेले. त्याहून वाईट म्हणजे, दातांवर म्हणून दिल्या जाणाऱ्या पावडरींत पारा असायचा. त्यानं हातपाय गुलाबी होऊन सोलायचे, बाळं कळवळायची. विसाव्या शतकाच्या मध्याला त्या पावडरी बंद झाल्या आणि तो आजार जवळजवळ नाहीसाच झाला.

म्हणून ताप असलेल्या बाळाच्या फाइलीत एकटाच के००.७ दिसला, तर थर्मामीटरचा आकडा कुठे लिहिलाय ते आधी शोधावं.