गुरांची जळू

वलयी संघाच्या (वलयांनी बनलेल्या शरीराच्या प्राण्यांच्या) हिरुडिनिया या जळवांच्या गटातील, गोड्या पाण्यात राहून मुख्यतः गुराढोरांच्या रक्तावर जगणारा प्राणी. त्याचे शास्त्रीय नाव हिरुडिनारिया ग्रॅन्युलोसा असून पोइसिलोब्डेला ग्रॅन्युलोसा हे नावही वापरात आहे. साविन्यी या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने १८२२ मध्ये या जातीचे वर्णन केले. भारतासह दक्षिण आशियाच्या मोठ्या भागात ती आढळते.

या जळूला संथ, उथळ आणि गाळाचे पाणी मानवते. सातारा व सांगली जिल्ह्यांत असे पाणी गावतळी, पाझर तलाव, ओढ्यांचे डोह आणि कृष्णा, येरळा, वारणा या नद्यांच्या प्रवाहाबाहेर साचून राहिलेल्या पाणथळ जागांत असते. म्हशी डुंबायला उतरतात ती ठिकाणे तिला विशेष सोयीची, कारण तेथे भक्ष्य आपल्या पायांनी चालत येते. माण, खटाव, आटपाडी, जत या अवर्षणप्रवण तालुक्यांतील तळी उन्हाळ्यात आटतात. पाणी हटू लागले की जळू ओल्या गाळात शिरते आणि अंगावरच्या बुळबुळीत स्रावाने त्वचा ओली राखते. तिला फुप्फुसे किंवा कल्ले नसतात. श्वसन त्वचेतूनच होत असल्यामुळे त्वचा सुकणे म्हणजे तिचा मृत्यू. कोयना खोऱ्यात आणि महाबळेश्वरच्या परिसरात पावसाळ्यात गवतावरून पायाला चिकटणाऱ्या जळवा मात्र भूचर जातींच्या असतात आणि त्यांची गल्लत या जातीशी करू नये.

पूर्ण ताणलेली मोठी जळू ३० सेंटिमीटरपर्यंत लांब भरते. पाठ हिरवट, पोट नारिंगी-पिवळसर आणि शरीर वरून खाली चपटे असते. त्यात ३३ खंड असून मधल्या प्रत्येक खंडावर बाहेरून पाच वलये दिसतात, त्यामुळे नुसती वलये मोजून खंडांची संख्या काढता येत नाही. पुढच्या टोकाच्या चूषकात, म्हणजे चिकटून धरणाऱ्या वाटीसारख्या अवयवात, तोंड असते. मागचा चूषक शेवटचे सात खंड एकत्र येऊन बनलेला, वाटोळा आणि अधिक बळकट असतो. दोन्ही चूषक आळीपाळीने टेकवत ती जमिनीवर सरकते, तर पाण्यात अंग लाटेसारखे हलवून पोहते. पुढच्या पाच खंडांच्या पाठीवर डोळ्यांच्या पाच जोड्या असतात; त्यांना आकृती दिसत नाही, उजेड-अंधार तेवढा कळतो. भक्ष्याची चाहूल तिला पाण्याच्या हालचालीवरूनही लागते.

या प्राण्याची सारी शरीररचना एका अडचणीभोवती घडलेली आहे: जेवण केव्हा मिळेल याचा भरवसा नाही. म्हणून मिळेल तेव्हा भरपूर घेऊन ते दीर्घकाळ पुरवावे लागते. म्हशीच्या कासेला किंवा मांडीला चिकटल्यावर तिचे तीन जबडे त्वचा कापतात. प्रत्येक जबड्यावर शंभराहून अधिक सूक्ष्म दातांची एकच रांग असते आणि जखम तीन फाट्यांची उमटते. लाळेतील हिरुडिन रक्त गोठू देत नाही, त्यामुळे जळू गळून पडल्यावरही जखम बराच वेळ वाहत राहते. रक्त गोठू न देणारा हा गुण १८८४ मध्ये हेक्राफ्ट या ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञाने दाखवून दिला. प्यालेले रक्त अन्नपुटाच्या, म्हणजे अन्ननलिकेनंतरच्या साठवणीच्या पिशवीच्या, दहा कप्प्यांत साठते. त्यातील पाणी उत्सर्जक नलिकांच्या १७ जोड्यांवाटे लवकर बाहेर टाकले जाते आणि उरलेले दाट रक्त इतके सावकाश पचते की एका पोटभर जेवणावर जळू कित्येक महिने तग धरते.

प्रत्येक जळू उभयलिंगी असते. तिला वृषणांच्या ११ जोड्या आणि अंडाशयांची एकच जोडी असते. तरीही समागमासाठी दोन जळवा लागतात. अंडी कोषात घालून तो कोष पाण्याकाठच्या ओलसर मातीत ठेवला जातो आणि त्यातून थेट लहान जळवाच बाहेर पडतात. प्लॅस्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्याला असा मातीचा काठ नसतो, त्यामुळे कोष ठेवायला तिला तेथे जागा मिळत नाही.

सुश्रुतसंहितेत जळवांचे १२ प्रकार सांगितले असून त्यांपैकी सहा सविष व सहा निर्विष मानले आहेत. आयुर्वेदात रक्तमोक्षणासाठी, म्हणजे शरीरातील दूषित मानलेले रक्त काढण्यासाठी, जळू लावण्याचा उपचार आजही चालतो. तो जाणकार वैद्याकडूनच व्हावा, कारण जळूच्या आतड्यात एरोमोनास जिवाणू राहतात व जखमेत संसर्ग होऊ शकतो. याच कारणाने गुराला लागलेली जळू मीठ किंवा तंबाखू टाकून सोडवणेही चांगले नाही: त्रासलेली जळू पोटातले रक्त जखमेत ओकते. चूषकाच्या कडेखाली नख सरकवून पकड सोडवावी, आधी तोंडाकडची, मग मागची, आणि जखम साबण-पाण्याने धुवावी.