प्रणय-कॉमिक

प्रेम, लग्न, मत्सर, ताटातूट आणि या साऱ्यांतली मनाची घालमेल यांवर रचलेल्या, मुख्यतः तरुण मुलींसाठी काढलेल्या चित्रकथांची मासिके. अमेरिकेत १९४७ पासून १९७७ पर्यंत तीस वर्षे ती निघत होती. संग्राहकांनी सुपरहिरोंचे अंक प्लास्टिकच्या पिशव्यांत जपले आणि प्रणय-कॉमिके बराच काळ रद्दीत जाऊ दिली. त्या काळातले काही उत्तम रेखाटन याच अंकांत आहे, हे कळायला फार उशीर झाला.

सुरुवात जो सायमन आणि जॅक कर्बी या जोडीने केली. कॅप्टन अमेरिका याच दोघांनी घडवला होता. १९१९ पासून अमेरिकेत ‘ट्रू स्टोरी’सारखी कबुलीजबाबांची मासिके तडाखेबंद खपत होती. ‘माझे चुकले, ऐका’ अशा सुरात लिहिलेल्या त्या कथा होत्या. तोच सूर चित्रांत आणावा, हे या दोघांना सुचले. मानधनाऐवजी नफ्यातला निम्मा वाटा ठरवून त्यांनी प्राइझ या प्रकाशनासाठी ‘यंग रोमान्स’ काढले. पहिल्या अंकावर सप्टेंबर-ऑक्टोबर १९४७ अशी तारीख आहे, आणि हे कॉमिक अधिक प्रौढ वाचकांसाठी आहे अशी ओळ मुखपृष्ठावरच छापली आहे. पहिल्या कथेचे नाव ‘आय वॉज अ पिक-अप’. अनोळखी मुलाच्या गाडीत बसणाऱ्या मुलीला तेव्हा पिक-अप म्हणून हिणवत. तिची गोष्ट तिच्याच तोंडून सांगायची, हे त्या वेळी धाडसाचे होते. छापलेल्या प्रतींपैकी ९२ टक्के विकल्या गेल्या आणि तिसऱ्या अंकापासून छपाई तिप्पट झाली. मग सगळेच प्रकाशक या धंद्यात उतरले. १९५० च्या सुमारास शंभरावर नावांची प्रणय-कॉमिके बाजारात होती. काउबॉय गुराख्यांच्या प्रेमकथांची वेगळी मासिकेसुद्धा निघाली. एवढी गर्दी पेलण्याइतका वाचक नव्हता, आणि त्यातली बरीचशी वर्षभरातच बंद पडली.

या कथा कशा चालतात ते नीट पाहिले पाहिजे, कारण गोडी तिथेच आहे. चौकटीच्या वरच्या पट्टीत नायिका बोलते. ते बोलणे घडून गेल्यानंतरचे असते. आपण कुठे फसलो हे तिला तोवर कळलेले असते. खाली फुग्यात तीच मुलगी त्या क्षणी बोलते, आणि तिला अजून काहीच कळलेले नसते. वर ‘मी आंधळी झाले होते’, खाली ‘आईला काय कळतंय!’ या दोन आवाजांच्या मधोमध तिचा चेहरा असतो आणि चित्रकाराचे सगळे कसब त्या चेहऱ्यात लागते. हाणामारीच्या कॉमिकमध्ये गोष्ट पुढे सरकते ती हातापायांनी. इथे ती भुवईने, अर्धवट वळलेल्या मानेने, टेलिफोनचा रिसीव्हर घट्ट धरलेल्या बोटांनी सरकते. दोन माणसे एका खोलीत बोलत आहेत, एवढ्याच ऐवजावर सहा-सात चौकटींचे पान जिवंत ठेवणे हे इमारतीवरून उडी मारणारा माणूस काढण्यापेक्षा अवघड काम आहे.

ते सर्वांत चांगले जमले मॅट बेकर यांना. १९२१ मध्ये जन्मलेले बेकर हे त्या काळच्या कॉमिक-व्यवसायातल्या मोजक्या कृष्णवर्णीय चित्रकारांपैकी एक. सेंट जॉन या प्रकाशनाच्या ‘टीन-एज रोमान्सेस’ आणि ‘पिक्टोरियल रोमान्सेस’ या मासिकांसाठी त्यांनी शेकडो पाने काढली. त्यांच्या नायिकांचे सौंदर्य लगेच डोळ्यांत भरते, पण थोडे थांबून त्यांची उभे राहण्याची ढब पाहावी. एका पायावर भार, कोपर किंचित मागे, स्कर्टची घडी नेमकी त्या वळणाने पडलेली. मुलगी खोटे बोलते आहे की घाबरली आहे, हे संवाद वाचण्याआधी खांद्यांवरून कळते. त्यांना कथाही चांगल्या मिळाल्या. डेना डच यांनी लिहिलेल्या सेंट जॉनच्या कथांतल्या मुली चुकतात, घरी खोटे सांगतात, भलत्याच मुलाच्या नादी लागतात, आणि तरी त्यांचे आयुष्य उद्ध्वस्त होत नाही. एक धडा मिळतो आणि त्या पुढे जातात. त्या काळाच्या मानाने हा मोठा समजूतदारपणा होता. हृदयविकाराने बेकर १९५९ मध्ये, अडतिसावे वर्षही पुरे होण्याआधी गेले. कॉमिक-क्षेत्रातल्या आयस्नर पुरस्कारांच्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांचे नाव आले ते २००९ मध्ये, मृत्यूनंतर पन्नास वर्षांनी.

याच ओघात फॉसेट प्रकाशनाच्या ‘नीग्रो रोमान्स’ची नोंद केली पाहिजे. १९५० मध्ये त्याचे फक्त तीन अंक निघाले. चित्रे आल्विन हॉलिंग्जवर्थ यांची. ते स्वतः कृष्णवर्णीय होते. एरवी कॉमिकांत कृष्णवर्णीय माणूस दिसला तर नोकर किंवा विदूषक म्हणूनच दिसे. इथे मात्र ती शिकलेली, नीटनेटक्या कपड्यांतली, प्रेमात गोंधळलेली साधी तरुण मुलेमुली आहेत. या अंकांच्या प्रती आज अत्यंत दुर्मिळ आहेत.

१९५४ मध्ये कॉमिकांमुळे मुले बिघडतात अशी ओरड झाली, सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या आणि प्रकाशकांनी स्वतःवरच कॉमिक्स कोड ही आचारसंहिता लादून घेतली. प्रेमकथांनी घराचे मोल आणि विवाहाचे पावित्र्य यांवर भर द्यावा, घटस्फोट हवाहवासा दाखवू नये, असे तिच्यात स्पष्ट लिहिले होते. त्यानंतरच्या कथांचे शेवट वाचवत नाहीत. मुलगी नोकरी सोडते, माफी मागते, अंगठी येते. म्हणून या कथा वाचताना शेवटच्या चौकटीला फार मान देऊ नये. ती बहुधा आचारसंहितेसाठी लिहिलेली असते. मधल्या पानांवर तीच मुलगी पगार मोजते, आईशी भांडते, रात्री उशिरा घरी येते. वाचणाऱ्या मुली त्या पानांसाठी पैसे मोजत असाव्यात.

पुढच्या काळात डीसी या प्रकाशनाने ‘सिक्रेट हार्ट्स’, ‘गर्ल्स रोमान्सेस’ अशी मासिके चालू ठेवली आणि १९६३ मध्ये ‘यंग रोमान्स’ही घेतले. स्पायडरमॅनमुळे आपल्याकडेही ठाऊक झालेले जॉन रोमिटा त्याआधी कित्येक वर्षे डीसीच्या प्रेमकथाच काढत होते. १९६६ मध्ये स्पायडरमॅन हाती घेतल्यावर त्यांनी त्यातली नायिका मेरी जेन हिचा जो चेहरा काढला, त्यामागे ही सगळी उमेदवारी आहे. ‘यंग रोमान्स’ १९७५ मध्ये थांबले, त्याच जातीचे ‘यंग लव्ह’ १९७७ मध्ये.

या चित्रांची जगाला झालेली ओळख मात्र आडवाटेने झाली. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये, कॉमिकांतल्या चौकटी मोठ्या कॅनव्हासवर रंगवणारे अमेरिकन चित्रकार रॉय लिक्टेनस्टाइन यांचे ‘ड्राउनिंग गर्ल’ हे १९६३ मधले चित्र आहे. निळ्या लाटांत बुडणारी मुलगी, डोळ्यांत पाणी, आणि बुडेन पण ब्रॅडला हाक मारणार नाही असे सांगणारा फुगा. मूळ चित्र ‘सिक्रेट हार्ट्स’च्या ८३ व्या अंकातले आहे, टोनी अब्रूझो यांनी काढलेले. त्यात मागे उलटलेल्या होडीला धरून तिचा मित्रही आहे. तिच्या पायात गोळा आला आहे, आणि मित्राचे नाव ब्रॅड नसून मॅल आहे. लिक्टेनस्टाइन यांनी होडी काढून टाकली, मित्र काढून टाकला, पायातला गोळाही काढून टाकला. उरलेले चित्र भव्य आहे यात शंका नाही. पण मूळ पानावर तिचा हट्ट एका खऱ्या माणसाशी आहे, तो माणूस हाकेच्या अंतरावर आहे, आणि ती तरीही हाक मारत नाही. गोष्ट म्हणून ते पान अधिक बोलते.

लिक्टेनस्टाइन यांनी मोठे करून रंगवलेले ठिपके मुळात स्वस्त छपाईची सोय होती. लाल, पिवळा, निळा आणि काळा एवढ्या चारच शाई. गालांची गुलाबी छटा आणण्यासाठी लाल ठिपके विरळ मांडायचे. वर्तमानपत्री कागद शाई पिऊन टाकत असे, ठसे किंचित सरकत, आणि ओठांचा लाल रंग रेषेबाहेर जाई. हल्लीच्या गुळगुळीत पुनर्मुद्रणांत हे सगळे पुसून टाकतात, तेव्हा चेहरे सपाट दिसतात. शक्य असेल तर जुन्या अंकाचे जसेच्या तसे स्कॅन पाहावे. बंद पडलेल्या अनेक प्रकाशनांच्या अंकांचा स्वामित्वहक्क संपलेला असल्याने असे स्कॅन मोफत मिळतात. पानांवर सही क्वचितच असते. चित्रकार ओळखायचा तो नाकपुडीच्या रेषेवरून, केसांत सोडलेल्या पांढऱ्या उजेडावरून आणि हातांवरून. बेकर यांच्या हातांची बोटे लांब, सैल आणि कायम काहीतरी धरू पाहणारी असतात.