एव्हियॉनिक्स बस म्हणजे एन्ड्युरन्स बस नव्हे

घरी बांधलेल्या आरव्ही-७ सारख्या विमानाच्या वायरिंगचा आराखडा कुणी पुढे ठेवला की माझी नजर आधी एकाच जागी जाते. मेन बसमधून (वीज वाटणाऱ्या मुख्य पट्टीतून) एक वायर, मध्ये एक स्विच, पलीकडे रेडिओ आणि रडारला विमानाची ओळख सांगणारा ट्रान्सपॉन्डर, आणि वर ऐटीत लिहिलेलं ‘एन्ड्युरन्स बस’. अहो, ही जुनीच एव्हियॉनिक्स बस आहे, रेडिओसारखी इलेक्ट्रॉनिक उपकरणं एका स्विचमागे ठेवणारी.

एव्हियॉनिक्स बस सगळ्यांना ठाऊक असते. सुरुवातीचे ट्रान्झिस्टर रेडिओ नाजूक होते, स्टार्टर फिरताना ते वेगळे राहावेत म्हणून हा स्विच आला. आजची प्रमाणित उपकरणं डीओ-१६० या विमान-उपकरणांच्या मानकाच्या चाचण्यांतून गेलेली असतात. स्टार्टरमुळे व्होल्टेज पडून स्क्रीन रीबूट होईल फार तर. सगळं एका बोटाने बंद करायची सोय हवी असेल तर ठेवा बापडा, पण त्या एका स्विचने दगा दिला की अख्खं पॅनेल गप्प, हे कबूल करून ठेवा.

एन्ड्युरन्स बसचं काम सुरू होतं अल्टरनेटर, म्हणजे इंजिनाच्या जोरावर वीज बनवणारं यंत्र, मेल्यावर. आता हाताशी फक्त बॅटरी. १७ अँपिअर-तासांची असली, तरी वय झालेलं धरून १२ च मोजा. घरी पोचायला लागणारी उपकरणं ४ अँपिअर खात असतील तर ३ तास. पण मास्टर (मुख्य स्विच) चालू आहे म्हणजे बॅटरी कॉन्टॅक्टरची, बॅटरी मेन बसला जोडणाऱ्या विजेवरच्या स्विचच्या डबीची, कॉइल स्वतःला ओढून धरायलाच पाऊण ते एक अँपिअर पीत बसते. भार झाला ५, तास उरले २.४. अर्ध्या तासाहून जास्त उड्डाण त्या डबीला गरम ठेवण्यात गेलं! शिवाय तोच कॉन्टॅक्टर बिघडला तर मेन बस आणि तिच्यावर जगणारं सगळंच गेलं.

म्हणून या बसला वीज दोन वाटांनी यायला हवी. रोजची वाट मेन बसमधून, वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या डायोडमार्गे. दुसरी थेट बॅटरीच्या खांबाजवळून, स्वतःचा फ्यूज आणि स्वतःचा स्विच घेऊन, कॉन्टॅक्टरला वळसा घालून. अल्टरनेटर गेला की हा स्विच चालू, मास्टर बंद. बसवर काय काय जोडलंय यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. वाटा किती, हे कुणी विचारत नाही.

दुसरी वाट देऊनही डायोड गाळणारे महाभाग आहेत. मग होतं काय, मास्टर बंद केला तरी त्या बारक्या वायरमधून वीज उलटी मेन बसमध्ये शिरते. लँडिंग लाइट, पिटो हीट (वेग मोजणाऱ्या नळीवर बर्फ धरू नये म्हणून असलेला हीटर), जे चालू राहिलं असेल ते सगळं त्याच वायरवर लटकतं आणि तिचा फ्यूज उडतो. डायोड हा सोसायटीच्या पाण्याच्या टाकीतल्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हसारखा आहे. ‘पण डायोडमध्ये ०.६ व्होल्ट जातात ना?’ हा प्रश्न नेमाने येतो. जातात, पण कधी? अल्टरनेटर १४.२ देत असताना, म्हणजे १३.६ उरतात आणि कुणाचं काही अडत नाही. नुसत्या बॅटरीवर असताना वीज दुसऱ्या वाटेने येते, तिथे डायोडच नाही. २५ अँपिअरचा साधा ब्रिज रेक्टिफायर (डायोडांचीच तयार डबी) पत्र्याला स्क्रूने आवळा आणि विषय सोडा.

भार निवडताना हात आखडता घ्या. पिटो हीट एकटी ८ अँपिअर ओढू शकते. तिला इथे बसवलंत की वरचे ३ तास १ वर येतात. इंजिन मॅग्नेटोवर (ठिणगीची वीज स्वतःच बनवणाऱ्या यंत्रावर) असेल तर ते विजेवाचून चालतच राहतं. इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनवाल्या इंजिनाचा पंप मात्र या बसवर कोंबू नका, त्याची सोय वेगळी लागते.

फ्यूज की पुन्हा दाबून चालू करता येणारा ब्रेकर? मी फ्यूजवाला. उडाला तर उतरल्यावर बघू.

आणि दोन्ही वाटा कायम चालू ठेवून उडू नका, डायोड मेला तरी पत्ता लागणार नाही. उड्डाणाआधी मास्टर बंद असताना दुसरा स्विच चालू करा, स्क्रीन उजळते का बघा. मग तो बंद करून मास्टर चालू करा आणि पुन्हा बघा.