होडी आली तरी पुलाचे ओझे वाढत नाही

पुलावर ट्रक चढला की ओझे वाढते. मग पाण्याच्या पुलावर, म्हणजे कालवा दरीपलीकडे नेणाऱ्या पुलावर, होडी चढली तरी तेच होणार, असे बहुतेकांना वाटते. पण तसे होत नाही, आणि या साध्या गोष्टीत जे विज्ञान आहे ते मला फार आवडते.

हे पाहायला वेल्समध्ये जावे. लँगोलेन गावातून कालव्याच्या काठाने, खाली डी नदी ठेवून, सहाएक किलोमीटर चालले की पॉन्टकसिल्टेचा जलसेतू येतो. टॉमस टेलफर्ड आणि विल्यम जेसप या अभियंत्यांचे हे काम 1805 मध्ये पुरे झाले. लांबी 307 मीटर, नदीपासून उंची 38 मीटर. दगडी खांबांवर बिडाची लांबलचक पन्हळ आणि तिच्यात सुमारे 1500 टन पाणी. पन्हळीच्या एका बाजूला पायवाट आणि कठडा आहे. दुसऱ्या बाजूला कठडाच नाही, होडीतून वाकून पाहिले तर थेट दरी.

आता 15 टनांची होडी पन्हळीत शिरते असे समजा. शाळेतला आर्किमिडीज आठवा: तरंगणारी वस्तू स्वतःच्या वजनाइतके पाणी बाजूला सारते. हे 15 टन पाणी जाते कुठे? पन्हळ दोन्ही टोकांना कालव्याला खुली आहे, त्यामुळे ते पुलावरून निघून कालव्यात सरकते. पाण्याची पातळी तीच राहते. तळावरचा दाब फक्त खोलीवर ठरतो, म्हणून तोही तोच. खांबांना होडी आल्याचे कळतही नाही. पन्हळीची टोके बंद करून वरून क्रेनने होडी सोडली असती, तर मात्र पातळी चढली असती आणि ओझे पूर्ण 15 टनांनी वाढले असते.

हे झाले संथ होडीचे. धावत्या होडीला पुढचे पाणी मागे जाऊ द्यावे लागते. अरुंद पन्हळीत ती सिरिंजमधल्या दट्ट्यासारखी अडेल. शिवाय बाजूच्या फटीत पाण्याचा वेग वाढून तिथली पातळी किंचित खाली येते आणि होडी तळाकडे बसते. यावरचा उपाय मला सगळ्यात सुंदर वाटतो. पन्हळ 3.6 मीटर रुंद, होडी जेमतेम 2.1 मीटर, आणि घोड्यांनी होडी ओढायची पायवाट पाण्याला लागून न बांधता पाण्याच्या वरच टेकूंवर बसवलेली. पाणी तिच्याखालून मोकळे मागे जाते.

इथल्या चुन्यात बैलाचे रक्त मिसळले होते, असे पर्यटकांना आवर्जून सांगतात. पुलाला बळी लागतो ही आपल्याकडची समजूत असल्याने असे किस्से आपल्याला लगेच पटतात. रक्तात गूढ शक्ती नसते. त्या काळच्या दगडी जलसेतूंत गळती थांबवायला चिकणमातीचा जाड थर घालत, आणि तो पेलायला बांधकामही अवजड करावे लागे. बिडाच्या पन्हळीने ते सगळे वजन वाचवले, म्हणून एवढ्या उंचीवर सडपातळ खांब पुरले.

मालवाहतूक संपल्यावर 1944 मध्ये हा कालवा कायद्याने बंद झाला. तरी तो बुजवला नाही, कारण डी नदीचे पाणी याच पन्हळीतून पुढे पुरवठ्यासाठी जात होते. ते आजही जाते.