शेवटचा गुरुवार की चौथा? थँक्सगिव्हिंगच्या तारखेची पार्श्वभूमी

थँक्सगिव्हिंग या नोव्हेंबरातल्या कृतज्ञतेच्या सणाच्या जेवणाला बसताना प्रत्येकाने आपण कशाबद्दल कृतज्ञ आहोत ते सांगावे, अशी चाल अमेरिकेतील पुष्कळ घरांत आहे. त्यासाठी दूरदूर पांगलेल्या माणसांना एकाच दिवशी सुटी मिळावी लागते, आणि १९३९ ते १९४१ ही तीन वर्षे हे साधले नव्हते.

१६२१ मध्ये प्लिमथ या अमेरिकेतील इंग्रज वसाहतीत सुगीनंतर तीन दिवस चाललेली मेजवानी हा सणाचा उगम मानला जातो. मात्र तिच्या समकालीन वर्णनात ‘थँक्सगिव्हिंग’ हा शब्द येत नाही, कारण त्या वसाहतकारांच्या लेखी तो भोजनाचा नव्हे, तर ईश्वरोपासनेचा दिवस होता. नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार रूढ झाला तो यादवी युद्धाच्या काळात, १८६३ च्या राष्ट्राध्यक्षीय घोषणेमुळे.

१९३९ च्या नोव्हेंबरात पाच गुरुवार होते आणि शेवटचा ३० तारखेला येत होता. सणाआधी नाताळच्या खरेदीच्या जाहिराती करणे तेव्हा अप्रशस्त समजले जाई. त्यामुळे मंदीतून सावरू पाहणाऱ्या व्यापाऱ्यांना विक्रीसाठी जादा दिवस हवे होते, आणि त्यांच्या आग्रहावरून तत्कालीन राष्ट्राध्यक्षांनी सण २३ तारखेला आणला. हा निर्णय जाहीर झाला ऑगस्टमध्ये, म्हणजे दिनदर्शिका छापून झाल्यावर आणि महाविद्यालयीन फुटबॉलचे सामने ठरल्यावर. राज्यांवर तो बंधनकारक नव्हता. ४८ पैकी २३ राज्यांनी नवी तारीख घेतली, २२ जुनीवर राहिली आणि तिघांनी दोन्ही दिवस पाळले. आईवडील एका राज्यात आणि मुले दुसऱ्या राज्यात असली, की सुट्या जुळेनात. दुकानदारांच्या अडचणी खऱ्या होत्या, पण ज्या दिवसाचे सारे मोल एकत्र बसण्यात आहे, तो विक्रीच्या हिशेबाने हलवणे चूकच होते. पुढे सरकारी पाहणीतही विक्रीत फारसा फरक आढळला नाही.

अखेर २६ डिसेंबर १९४१ रोजी कायद्याने चौथा गुरुवार ठरला. अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या मूळ ठरावातला ‘शेवटचा’ हा शब्द सिनेट या वरिष्ठ सभागृहाने बदलला होता. टेक्सासने मात्र पाच गुरुवारांच्या वर्षी शेवटचाच गुरुवार पाळण्याची प्रथा १९५६ पर्यंत सोडली नाही.

१९७० पासून याच गुरुवारी प्लिमथच्या टेकडीवर मूळनिवासी लोक जमून शोकदिन पाळतात. १६२१ च्या मेजवानीला आलेल्या वाम्पानोआग या मूळनिवासी लोकांच्या जमिनी पुढे कशा गेल्या, हे तिथे सांगितले जाते.