हेल लागणं वेगळं, हेल काढणं वेगळं

कुणी वर्षभर दुसऱ्या मुलखात राहून आलं आणि त्याच्या बोलण्यात तिथला हेल डोकावला, की पहिला शेरा ठरलेला असतो: "याला शिंगं फुटली." दुसराही ठरलेलाच: "मुद्दाम बोलतोय." आपोआप लागलेल्या हेलाला नक्कल समजून माणसाला टोचून बोलायची ही सवय मला मनापासून खटकते.

नक्कल म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे. नक्कल करणारा समोरच्याच्या बोलण्यातल्या दोन-तीन ठळक लकबी उचलतो, त्या फुगवतो आणि मनात येईल तेव्हा थांबतो. ऐकणाऱ्याला ती ओळखू यावी हाच तिचा हेतू असतो. यापेक्षा जास्त सांगायची गरज नाही.

हेल लागतो तेव्हा बदल बारीक असतात. स्वर जरासा लांबतो, वाक्याचा शेवट वर जातो, बोलण्याचा वेग समोरच्याच्या वेगाशी जुळतो. सोबत चालणाऱ्यांची पावलं नकळत एका ठेक्यात पडतात, तसंच हे. मानसशास्त्रज्ञ स्टीफन गोल्डिंगर यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना ध्वनिमुद्रित शब्द ऐकवून ते फक्त पुन्हा म्हणायला सांगितलं होतं. "तसंच म्हणा" अशी सूचना नव्हती. तरीही नंतर त्रयस्थांनी ऐकलं तेव्हा त्यांना हे उच्चार मूळ आवाजाच्या जवळ गेलेले वाटले. क्वचित कानावर पडणाऱ्या शब्दांत हा परिणाम जास्त होता. गोल्डिंगर यांच्या मते शब्द आपल्या स्मरणात ऐकलेल्या आवाजाच्या तपशिलांसकट राहतो. रोजच्या शब्दाचे असंख्य ठसे आधीच साठलेले असतात, त्यात नवा ठसा बुडून जातो. क्वचितच्या शब्दाचे ठसे थोडे, म्हणून ताजा ठसा तोंडून बाहेर पडताना जाणवतो. दिखाव्यासाठी हेल बदलणाऱ्याने शब्द किती वेळा कानावर पडतो याचा हिशेब कशाला ठेवला असता?

यावर नेहमीचा प्रश्न येतो, आणि खरा घोळ तिथेच आहे: "आपोआप होतं म्हणता, मग अमक्याशी बोलतानाच का होतं, तमक्याशी का नाही? म्हणजे ठरवूनच की!"

निरीक्षण अगदी बरोबर आहे. माणूस सगळ्यांकडे सारखा झुकत नाही. हॉवर्ड जाइल्स यांनी १९७० च्या दशकात मांडणी केली तीच अशी, की बोलताना आपण समोरच्याच्या जवळ जातो किंवा त्याच्यापासून लांब सरकतो, आणि त्यामागे नात्याचा, आपलेपणाचा भाग असतो. चुकतो तो निष्कर्ष. एखाद्या गोष्टीमागे आवड-निवड असली म्हणून ती गोष्ट जाणूनबुजून केलेली ठरत नाही. आवडत्या माणसाला पाहून चेहरा खुलतो, तोही कुणी ठरवून खुलवत नाही.

मॉली बेबल यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास इथे फार उपयोगी आहे. न्यूझीलंडच्या लोकांना त्यांनी एका ऑस्ट्रेलियन माणसाच्या आवाजातले शब्द ऐकवून म्हणायला लावले. काहींना आधी असं भासवलं, की हा माणूस न्यूझीलंडची स्तुती करतो. काहींना असं, की तो न्यूझीलंडला नावं ठेवतो. स्तुती किंवा निंदेने उच्चारांत फरक पडला नाही. फरक दिसला तो ऑस्ट्रेलियाविषयीच्या सुप्त कलानुसार, जो वेगळ्या चाचणीने मोजला होता. कल अनुकूल असलेल्यांचे स्वर ऑस्ट्रेलियन उच्चाराकडे जास्त झुकले. आपुलकी इथे काम करत होती, पण निर्णयाच्या पातळीखाली. "सामाजिक कारण आहे, म्हणजे नाटक आहे" असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हाच अभ्यास सांगत असतो.

दीर्घ मुक्कामाने होणारा बदल त्याच जातीचा, फक्त जास्त मुरलेला. सॅन्सियर आणि फाउलर यांनी १९९७ मध्ये पोर्तुगीज आणि इंग्रजी बोलणाऱ्या एका ब्राझिलियन व्यक्तीचे उच्चार मोजले. काही महिने अमेरिकेत राहिल्यावर प, त यांसारख्या व्यंजनांनंतर आवाज सुरू व्हायला लागणारा वेळ वाढला. ब्राझीलमध्ये राहिल्यावर तो कमी झाला. आणि हे दोन्ही भाषांत घडलं, मातृभाषेतसुद्धा. आपल्याच भाषेतला "त" काही मिलिसेकंदांनी लांबवून कुणी मिरवत नाही. ब्रिटनच्या राणी एलिझाबेथ दुसऱ्या यांच्या नाताळच्या भाषणांचं हॅरिंग्टन आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये केलेलं विश्लेषणही असंच बोलकं आहे. १९५० च्या दशकापासून १९८० च्या दशकापर्यंत त्यांचे स्वर दक्षिण इंग्लंडमधल्या सामान्य उच्चाराकडे सरकले होते, पूर्ण पोचले मात्र नव्हते. सामान्यांसारखं बोलून मिरवायची त्यांना काय गरज होती?

मेंदूला इजा होऊन उच्चार परका वाटू लागणं ही तिसरीच गोष्ट. नॉर्वेचे मॉनराड-क्रोन यांनी १९४७ मध्ये अशा एका बाईंची हकिगत लिहिली. १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात डोक्याला जखम झाल्यावर त्यांची नॉर्वेजियन भाषा जर्मन माणसाच्या तोंडची वाटू लागली, तीही देश जर्मनांच्या ताब्यात असताना. 'फॉरेन ॲक्सेंट सिंड्रोम' नावाचा हा आजार फार दुर्मीळ आहे. प्रवासातून हेल घेऊन आलेल्या माणसाला गमतीने त्याचं नाव चिकटवू नये. कुणाचं बोलणं मात्र अचानक, कुणाच्याही सहवासाशिवाय असं बदललं, तर त्याला ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावं.

बाकी नक्कल की नकळत, हे ओळखायला फार काही लागत नाही. नक्कल करणारा बोलता बोलता तुमच्या चेहऱ्याकडे पाहतो. ज्याला हेल लागलाय त्याला सांगितलंत तर तो आधी "कोण, मी?" असं विचारतो, आणि पुढच्या दोन वाक्यांत त्याच हेलात बोलत राहतो.