आप्पांच्या हातात ठेका आला कुठून?

मांजरा नदीच्या काठी आमचं गाव. तिथले आप्पा मृदंगी वारले. तेराव्याची पंगत उठली आणि माणसं लिंबाखाली पान जमवत बसली. विषय एकच. सात इयत्ता शिकलेल्या, गावाबाहेर फारसं न गेलेल्या या माणसाच्या हातात एवढा ठेका आला कुठून?

"रक्तातच व्हता. आजा लोहार, बाप लोहार. घणाचा ठोका चुकला तं हात जातो, मग ठेका कसा चुकंल?" एकाने निकाल दिला. दुसऱ्याचं म्हणणं, नववा महिना भरत आलेला असताना आप्पांची आई सप्ताहात सात दिवस मृदंगाच्या शेजारी बसली होती, ते सगळं पोटातल्या लेकरानं ऐकलं. तिसऱ्याला त्यांचा सुपाएवढा पंजा आठवला. चौथा थेट मागच्या जन्मात शिरला. निवृत्त मास्तर मात्र चिडले. "पहाटे तीनला उठून बडवायचे, ते कुणी ऐकलं नाही का?"

मला व्हिएन्ना आठवलं. 1809 साली तिथे हायडन हा थोर संगीतकार वारला. त्या काळात गॉल नावाच्या डॉक्टरची एक विद्या जोरात होती. कवटीवरच्या उंचवट्यांवरून माणसाचे गुण ओळखायचे, अशी ती विद्या. हायडनच्या दोन चाहत्यांनी थडगं खोदणाऱ्याला पैसे चारले आणि हायडनचं मुंडकं काढून आणलं. कवटी साफ केली, चाचपली आणि जाहीर केलं की संगीताचा उंचवटा भरपूर वाढलेला आहे! पुढे 1820 मध्ये देह हलवायला थडगं उघडलं, तर आत धड आणि केसांचा टोप. कवटी धडाला मिळायला 1954 साल उजाडलं.

हसू येतं, पण त्या दोघांची खरी चूक कवटी चोरण्यात नव्हती. (चोरी ती चोरीच, पण ते पोलिसांचं काम.) कवटी कुणाची, हे त्यांना आधीच माहीत होतं. नाव न सांगता दहा कवट्या समोर ठेवल्या असत्या, तर उंचवटा नेमका हायडनच्याच डोक्यावर सापडला असता का? लिंबाखाली आम्ही तरी दुसरं काय करत होतो?

आता रक्ताचं बघू. 2022 साली एका संशोधनात सहा लाखांहून जास्त माणसांना एक साधा प्रश्न विचारला होता: गाण्याच्या ठेक्यावर तुम्हाला बरोबर टाळी वाजवता येते का? उत्तरं आणि त्या माणसांची जनुकं ताडून पाहिली. ठेक्याशी नातं असलेल्या 69 जागा मिळाल्या. म्हणजे 'ठेक्याचं जनुक' असं एकटंदुकटं काही नाही. पुष्कळ जागा आहेत आणि एकेकीचा वाटा चिमूटभर.

पुढची गोष्ट आणखी गमतीची. थोर संगीतकार बेथोव्हनच्या जपून ठेवलेल्या केसांच्या बटांवरून त्याची जनुकीय कुंडली 2023 साली वाचली गेली. मग 2024 मध्ये संशोधकांनी वरच्या यादीवरून त्याला 'ठेक्याचे गुण' दिले. शंभरजणांची रांग लावली तर हा बाबा शेवटच्या दहाबाराजणांत! बेथोव्हनला ताल नव्हता, असा याचा अर्थ नव्हे; अशा गुणांची मर्यादा दाखवायलाच त्यांनी हा उद्योग केला होता. लाखो माणसांचा गट घेतला तर असे गुण थोडंफार सांगतात. एकट्या माणसाबद्दल त्यांच्यावर भरवसा ठेवता येत नाही. बेथोव्हनचं हे, तर आप्पांच्या केसात काय सापडणार?

लोहाराच्या घराण्यात तर आणखी गुंता आहे. बापाने पोराला जनुकं दिली, तशीच भात्याची फुसफुस आणि ऐरणीवरचा ठणठणाटही दिला. दोघेजण आळीपाळीने घण घालतात तेव्हा एकाचा घाव पडायच्या आत दुसऱ्याचा वर गेलेला असतो. आप्पा त्यात रांगले. दोन्ही वारसे एकाच गाठोड्यात आले, सोडवायचे कसे?

त्यासाठी जुळी लागतात. एकसारखी जुळी म्हणजे जवळपास तीच जनुकं. स्वीडनमध्ये दहा हजारांवर जुळ्यांचा अभ्यास झाला. दोन सुरांतला, चालींतला, ठेक्यांतला फरक ओळखायची चाचणी घेतली. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाने दुसऱ्यापेक्षा कितीतरी तास जास्त वाजवलेलं असलं तरी त्याचा कान जास्त तयार निघाला नाही. मास्तरांना हे रुचणार नाही. पण त्याच अभ्यासात दुसरीही गोष्ट दिसली. कोण किती रियाज करतो, यात माणसामाणसांत जो फरक पडतो, त्यातला 40 ते 70 टक्के फरक जनुकांशी निगडित निघाला. म्हणजे देणगी एकीकडे आणि मेहनत दुसरीकडे, अशी वाटणीच धड होत नाही. पहाटे तीनला उठावंसं वाटणं हाही थोडा वारसाच.

त्यावरून रियाज फुकट, असं मात्र ठरत नाही. चाचणी कानाची होती, हाताची नव्हे. चक्रदाराचे, म्हणजे तीनदा फिरून येणाऱ्या रचनेचे, बोल द्रुत लयीत स्वच्छ काढायला बोटांना शिकावंच लागतं. त्याला दुसरा रस्ता नाही. मग वादकावादकांतला किती फरक जाणीवपूर्वक केलेल्या रियाजाच्या खात्यावर टाकायचा? अनेक अभ्यास एकत्र करून 2014 साली काढलेला आकडा आहे 21 टक्के. माझ्या मते हा आकडा लहान नाही, फक्त मास्तर म्हणतात तेवढा मोठाही नाही.

सप्ताहाची गोष्ट ऐकून मी आधी हसलो होतो. ते हसू परत घेतो. सातव्या महिन्याच्या सुमाराला गर्भाला ऐकू यायला लागतं आणि आईच्या पोटातून खर्जातले आवाज जास्त चांगले पोचतात. म्हणजे चिपळ्यांपेक्षा मृदंगाची डावी बाजू आधी. फिनलंडमध्ये गर्भारपणाच्या शेवटच्या तिमाहीत बाळांना एक चाल वारंवार ऐकवली, तर जन्मल्यावरच काय, चार महिन्यांनीही त्यांच्या मेंदूत तिची खूण सापडली. हंगेरीत तर दोन-तीन दिवसांच्या झोपलेल्या बाळांना ठेका ऐकवला आणि मध्येच सम, म्हणजे ठेक्याचा पहिला ठोका, गाळली. बाळांच्या मेंदूने चूक टिपली! म्हणजे सम कुठे येणार, याचा अंदाज माणूस जन्मतःच बांधत असतो. पण ते बाळ कुणाचंही असतं. त्या वर्षी सप्ताहाला बसलेल्या बाकीच्या गरोदर बायकांची लेकरं मृदंगी झाली नाहीत, हे लिंबाखाली कुणाच्या डोक्यात आलं नाही.

पंजा आणि मागचा जन्म सोडून देऊ. पहिल्याचा फायदा असेल तर थोडा. दुसरा मोजायला काही साधनच नाही.

वयाचा मुद्दा मात्र बैठकीत निघायला हवा होता. आप्पा पाचव्या वर्षी मृदंगाला भिडले, तेही उभं राहून, कारण बसलं की हात पोचायचे नाहीत. सातव्या वर्षाआधी वाद्य धरलेले आणि नंतर धरलेले वादक, पुढे रियाज सारखाच झालेला असला तरी, ठेक्याला ठेका जुळवण्यात सारखे नसतात. आधी सुरू केलेले सरस ठरतात. मेंदूच्या डाव्या-उजव्या भागांना जोडणारा तंतूंचा पट्टाही त्यांच्यात वेगळा घडलेला दिसतो. पण पाच वर्षांच्या पोराला मृदंगाला हात लावू दिला पाहिजे ना कुणीतरी.

आप्पांच्या थोरल्या बहिणीला, आक्काला, कुणी लावू दिला नव्हता. तोच आजा, तोच भाता, तीच आई. आक्का पोटात असतानाही सप्ताह झालाच असेल. आम्ही बोलत होतो तेव्हा ती ओसरीवर बसली होती. जाता जाता मी तिला विचारलं, "आक्का, तुला काय वाटतं, कुठून आलं आप्पांना?"

"मला काय कळतंय त्यातलं," ती म्हणाली. मग हातातली सुपारी खाली ठेवली. "मृदंगाच्या डाव्या तोंडाला कणीक लागते ना, ती मीच मळून द्यायची. लग्न होस्तोवर. कणीक जास्त झाली की आवाज बसतो, कमी झाली की चढतो. त्यो लावायचा, वाजवायचा, अन् मी चुलीपासून वरडायचे, आजून चिमूटभर काढ. त्याला कळायच्या आदी मला कळायचं."